दुसऱ्या लेकीचं नाव



गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, की मग मनातलं बोलणं सुरू होतं. गेल्या महिन्यात आम्ही केंद्रावरच्या तिघी जणी अशाच एका बैठकीला गेलो होतो. गटातली एक सून बाळंतपणानंतर पहिल्यांदाच आली होती. मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. आम्ही विचारलं, "नाव काय ठेवलं?" तर ती म्हणाली, "अजून बारसंच झालं नाही. नावावर घर अडलंय."

ही तिची दुसरी मुलगी. थोरली सहा वर्षांची. सासूबाईंचं म्हणणं, हिचं नाव मुलासारखं ठेवा, म्हणजे पाठीवर भाऊ येईल. नवरा म्हणत होता, मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालेल असं नाव ठेवू, आता तशीच पद्धत आहे. तिला स्वतःला नवऱ्यानं सुचवलेलं नाव आवडलं होतं. पण मन खात होतं. "नाव छान आहे हो," ती म्हणाली, "पण आम्ही ते का ठेवतोय, हेच कळेना. आणि थोरली मला विचारते, माझं नाव मुलीचं ठेवलं आणि हिचं मुलाचं का?"

त्या दिवशी आम्हाला पटकन उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर आम्ही आपसात बोललो, गावातल्या जाणत्या बायांना विचारलं, कागदपत्रांचे नियम पाहिले. त्यातूनच आजचं हे बोलणं तयार झालं. घरात दुसरी मुलगी आली आणि तिला दोन्हीकडे चालणारं नाव ठेवायचं असेल, तर कसा विचार करायचा, हे आज बघू.

ही पद्धत नवी नाही

शहरातली शिकलेली मुलं अशा नावाला युनिसेक्स नाव म्हणतात. शब्द नवा आहे, पद्धत मात्र आपल्या गावात जुनीच आहे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीकडे पाहा. गुलाबराव होते आणि गुलाबबाईही होत्या. हिराजी होते तशा हिराबाई होत्या. गंगाराम आणि गंगाबाई, तुळशीराम आणि तुळसाबाई, सखाराम आणि सखुबाई. मूळ नाव एकच, पुढे राव, राम किंवा बाई लागलं की माणूस ओळखू यायचा. शीख समाजात तर आजही तसंच चालतं. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गेलात तर गुरप्रीत नावाचा मुलगा भेटेल आणि गुरप्रीत नावाची मुलगीही. मुलाच्या नावापुढे सिंग, मुलीच्या नावापुढे कौर.

पुढे आपल्याकडे राव आणि बाई मागे पडले, नुसती नावं उरली. तरीही दोन्हीकडे चालणारी नावं टिकून राहिली. किरण घ्या. १९७२ साली पोलीस सेवेत आलेल्या देशातल्या पहिल्या महिला आयपीएस अधिकारी किरण बेदी, आणि भारताच्या क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक किरण मोरे. मुंबईत पाण्यासाठी लढणाऱ्या, 'पाणीवाली बाई' म्हणून ओळखल्या गेलेल्या मृणाल गोरे, आणि बंगाली चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन. मराठी नाटक-सिनेमातल्या सुहास जोशी, आणि कादंबरीकार सुहास शिरवळकर. लेखिका कमल देसाई आणि तमिळ नट कमल हासन.

यातलं स्नेहल हे नाव तर ऐकण्यासारखं आहे. वासुदेव भाटकर नावाचे संगीतकार होते. त्यांच्या मुलीचं नाव स्नेहलता. तिच्या नावावरून त्यांनी स्वतःला स्नेहल भाटकर हे नाव घेतलं आणि त्याच नावानं प्रसिद्ध झाले. मुलीला बापाचं नाव लागतं हे आपण रोज पाहतो. इथं बापानं लेकीचं नाव लावलं.

आपल्या भाषेची यात एक सोयही आहे. नाव काहीही असो, बोलताना आपण "किरण आली" किंवा "किरण आला" असंच म्हणतो. त्यामुळे बोलण्यात घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो कागदावर. त्याबद्दल पुढे सांगतोच.

नाव तेच, पण ठेवण्याचं कारण कोणतं?

आता त्या सुनेच्या मनाला काय खात होतं, त्याकडे येऊ. दोन घरांत एकच नाव ठेवलं जाऊ शकतं. एका घरी म्हणतात, "किरण, कारण ही आमच्या घरात उजेड घेऊन आली." दुसऱ्या घरी म्हणतात, "किरण, कारण मुलगा हवा होता, निदान नाव तरी मुलाचं." कागदावर दोन्ही सारखंच दिसेल. पण मुलगी मोठी होते, तशी तिच्या कानावर घरातली बोलणी पडतात. नावामागचं कारण तिला कुणीतरी कधीतरी सांगतंच.

सातारा जिल्ह्यातली गोष्ट तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दुसरी, तिसरी मुलगी झाली की तिचं नाव नकुसा किंवा नकोशी ठेवायचं, म्हणजे देवाला कळेल की आता मुली पुरे, असा समज कितीतरी घरांत होता. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात साताऱ्यात जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींचं पुन्हा नामकरण केलं. मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी आवडत्या नटीचं. आपलं नाव आपणच निवडायची संधी त्यांना तेव्हा मिळाली. पण तोवर शाळेतली रोजची हजेरी त्यांनी त्या जुन्या नावानंच दिलेली होती.

आज नकोशी नाव ठेवायला कुणी धजणार नाही. पण "पाठीवर भाऊ यावा म्हणून मुलाचं नाव" हा त्याच विचाराचा धाकटा भाऊ आहे. नाव गोड असतं, अर्थ चांगला असतो, आणि आत तीच इच्छा लपलेली असते. म्हणून आम्ही सासूबाईंच्या वयाच्या बायांशीही बोललो. त्यांना दोष द्यायचा नव्हता. त्यांच्या काळी मुलगा नसलेल्या बाईला किती ऐकून घ्यावं लागायचं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. ती भीती अजून त्यांच्या मनात आहे.

त्या भीतीला उत्तर म्हणून दोन गोष्टी घरात शांतपणे सांगता येतात. पहिली, नावानं पुढचं मूल ठरत नाही. गर्भ राहतो त्याच क्षणी मुलगा की मुलगी हे ठरलेलं असतं. आईच्या बीजात एकच प्रकार असतो, एक्स. वडिलांच्या बीजात एक्स किंवा वाय असतो. वडिलांकडून वाय आला तर मुलगा, एक्स आला तर मुलगी. त्यात आईचा दोष नाही आणि थोरल्या बहिणीच्या नावाचाही काही संबंध नाही. दुसरी, मुलीचा हक्क नावावर अवलंबून नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं आला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. तिचं नाव किरण असो की लक्ष्मी, तिचा हक्क तिचाच आहे.

आणि हे बोलायची गरज अजून संपलेली नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. दुसरी मुलगी घरात सुखरूप आली आणि तिचं बारसं थाटात झालं, तर ती गोष्ट आजूबाजूच्या चार घरांना दिसते.

थोरलीच्या शेजारी धाकटीचं नाव

आता थोरलीचा प्रश्न. तिचं नाव ठसठशीत मुलीचं असेल आणि धाकटीचं दोन्हीकडे चालणारं, तर पाहुणे हमखास बोलतात, "एक मुलगी आणि एक मुलगा झाला म्हणायचा!" गमतीत बोललेलं असतं, पण ते दोघींनाही लागतं. थोरलीला वाटतं, आपण कमी. धाकटीला वाटतं, आपण कुणाच्या तरी जागी आलो.

यावर आम्हाला एक सोपा उपाय सापडला. दोघींच्या नावांचा अर्थ जोडून घ्यायचा. नावं वेगळ्या चालीची असली तरी अर्थानं ती बहिणी होतात. काही जोड्या सांगतो, लिहून घ्या.

थोरली ज्योती किंवा दीप्ती असेल, तर धाकटी किरण. दोन्हींत उजेड आहे.
थोरली सुवर्णा असेल, तर धाकटी कांचन. दोन्हींचा अर्थ सोनं.
थोरली पद्मजा असेल, तर धाकटी मृणाल. पद्म म्हणजे कमळ आणि मृणाल म्हणजे कमळाचा देठ.
थोरली प्राजक्ता असेल, तर धाकटी बकुल. दोन्ही सुवासिक फुलं.
थोरली स्मिता असेल, तर धाकटी सुहास. दोन्हींत हसू आहे.
थोरली ममता असेल, तर धाकटी स्नेहल. दोन्हींत माया.

याशिवाय सुमन, नूतन, शीतल, प्रांजल, रतन ही नावंही आहेत. प्रांजल म्हणजे सरळ, निर्मळ मनाची. मुसलमान मैत्रिणींच्या घरी नसीम, शमीम, नूर ही नावं मुलांची असतात आणि मुलींचीही.

जोडी जुळवताना एका गोष्टीची काळजी घ्या. दोघींची नावं यमक जुळेल इतकी सारखी नकोत, आणि शक्यतो पहिलं अक्षरही एक नको. एका घरी दोन बहिणींच्या नावांचं पहिलं अक्षर एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक. शाळेतल्या यादीत आद्याक्षरंच लिहिलेली. धाकटीच्या शिष्यवृत्तीचे पैसे थोरलीच्या खात्यात गेले आणि ते निस्तरायला आईचे चार दिवसांचे रोज बुडाले. नक्षत्रावरून अक्षर काढायची तुमच्या घरची रीत असेल आणि दोघींचं अक्षर एकच आलं, तर पाळण्यातलं नाव त्या अक्षरावरून ठेवा आणि कागदावर वेगळं लावा. कितीतरी घरांत असं करतात.

कागदावर काय सांभाळायचं

आपल्या गटातल्या निम्म्या बायांना हा त्रास माहीत आहे. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आधारवर तिसरं, बँकेच्या पासबुकावर चौथं. कर्जाचा अर्ज केला की साहेब विचारतात, यातल्या तुम्ही कोण? आपल्या लेकीला हा त्रास नको. त्यासाठी पाच गोष्टी.

एक. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची. बाळंतपण जिथं झालं तिथल्या हद्दीत ही नोंद होते. माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात झालं असेल, तर दाखला तिथूनच मिळेल. सासरच्या ग्रामपंचायतीत शोधत बसू नका.

दोन. नोंद करताना नाव ठरलेलं नसलं तरी चालतं. त्या सुनेसारखं घर नावावर अडलं असेल, तरी नोंद अडवू नका. नाव नंतर भरता येतं. पहिल्या १२ महिन्यांत त्याला फी लागत नाही. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं, म्हणून घाईनं भलतंच नाव सांगण्यापेक्षा थोडं थांबलेलं बरं.

तीन. हे दोन्हीकडे चालणाऱ्या नावासाठी सगळ्यांत महत्त्वाचं. फॉर्म भरणारा माणूस नाव वाचून अंदाजानं 'पुरुष' या रकान्यात खूण करतो. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून 'स्त्री' लिहिलंय का ते पाहा. वाचता येत नसेल तर सोबत कुणाला तरी न्या. आधार काढतानाही तसंच, पावती मिळाली की आधी तेवढी एक ओळ बघायची. आधारवरची ही नोंद साधारणपणे एकदाच बदलून मिळते.

चार. मराठीत आणि इंग्रजीत अक्षरं कशी लिहायची, हे घरात आधीच ठरवा. शीतल की शितल, इंग्रजीत दोन ई की एक आय, हे एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी दाखल्याच्या पिशवीत ठेवा. अंगणवाडी, शाळा, बँक, सगळीकडे तीच चिठ्ठी दाखवायची.

पाच. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे आता तुमचंही नाव लेकीच्या नावाला लागून येणार. तुमच्या स्वतःच्या कागदांवर जसं आहे तसंच ते तिथं लिहून घ्या.

हे सगळं कशासाठी? १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत घालताना, मतदार यादीत नाव घालताना, पासपोर्ट काढताना हा जन्माचा दाखलाच पुरावा म्हणून धरला जातो. 'लेक लाडकी' योजनेसाठीही तो लागतो. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला या योजनेतून टप्प्याटप्प्यानं, १८ वर्षांची होईपर्यंत, एकूण १,०१,००० रुपये मिळतात. दुसऱ्या मुलीलाही हा लाभ आहे. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा आणि अटी तिच्याकडून नीट समजून घ्यायच्या. अशा अर्जात 'पुरुष' अशी चुकीची खूण राहिली, तर हेलपाटे तुम्हालाच घालावे लागतील.

बारशाआधी विचारायचे चार प्रश्न

नाव मनात आलं की घरात बसून हे चार प्रश्न एकमेकांना विचारा.

ही मुलगी पहिली जन्मली असती, तरी आपण हेच नाव ठेवलं असतं का?

हे नाव खरंच दोघांना शोभतं का, की ते फक्त मुलाचंच आहे? महेश किंवा गणेश मुलीला ठेवून ते दोन्हीकडे चालणारं होत नाही. तिला जन्मभर लोकांना समजावून सांगत बसावं लागेल.

अंगणात उभं राहून दोघींना एकदम हाक मारली, तर दोन्ही नावं सारख्याच मायेनं तोंडात येतात का?

आणि शेवटचा. दहा वर्षांची झाल्यावर तिनं विचारलं, "आई, माझं नाव हेच का?" तर एका वाक्यात, नजर न चोरता, आपण काय सांगू?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं, तर समजा नाव सापडलं. मग ते मुलीचं असो की दोन्हीकडे चालणारं.

पुढच्या बैठकीला आम्ही पुन्हा त्या गटात गेलो. त्या सुनेनं आम्हाला पेढा दिला. सासूबाई, नवरा आणि ती, तिघांनी बसून हे चार प्रश्न एकमेकांना विचारले होते. चौथ्या प्रश्नाशी सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मला सांगता नाही यायचं. तुम्हीच ठरवा." शेवटी नवऱ्यानं सुचवलेलंच नाव ठेवलं, पण आता त्याला थोरलीच्या नावाच्या अर्थाची जोड आहे. बाळाचं नाव रेडिओवर घेऊ नका, असं तिनं सांगितलंय, म्हणून घेत नाही. बारशाची गंमत मात्र सांगतो. पाळण्याखालून-वरून बाळ देताना आपण गोविंदाचं आणि गोपाळाचं नाव घेतो, ते झालं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करायला वाकली, तर थोरली मध्ये घुसली आणि म्हणाली, "नाव मी सांगणार." मग दोघींनी मिळून सांगितलं. धपाटे मात्र एकट्या आत्यालाच मिळाले!

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते झाले की एक काम करा. प्रत्येकीनं आपलं नाव कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हे सांगायचं. कुणाला हसू येईल, कुणाचे डोळे भरतील. आणि गटात कुणाच्या घरी नुकतीच दुसरी मुलगी झाली असेल, तर तिच्या जन्माचा दाखला सगळ्यांनी मिळून एकदा वाचा. नाव, आईचं नाव, आणि 'स्त्री' ही खूण, तीनही बरोबर आहेत ना, ते बघा.

आजचं बोलणं इथंच थांबवतो. नमस्कार.